फांदीचं टोक

साडेसात वाजलेत. भीमाशंकरच्या एसटी थांब्यावर मघाशी ऊन अंगावर घेत चहा प्यायलो, आणि इथे, गुप्त भीमाशंकरकडे जाणाऱ्या पायवाटेवर, अजून पहाटच आहे. मार्चचा पहिला आठवडा. आयएसओ ३२०० वर नेऊनही शटर १/३० च्या पुढे सरकत नाही. एवढ्या लांब लेन्सला १/३० म्हणजे नुसता श्वास घेतला तरी फोटो हलणार.

"थांबा," मामा म्हणतात. मी थांबतो आणि सवयीने वर बघतो.

"वर नका बघू. खाली बघा."

मामा इथलेच, महादेव कोळी. पायात रबरी चपला, हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली. महागाचे ट्रेकिंग बूट माझ्या पायात आहेत आणि सकाळपासून दोनदा घसरलोय तोही मीच. ते काठीने पाचोळा बाजूला सारतात. अंजनीची एक हिरवी डहाळी पडलीय, पानं अजून तकतकीत. देठाशी तिरका, साफ काप. वाऱ्याने मोडलेली फांदी अशी दिसत नाही, तिला साल लोंबत असते.

"आत्ताच टाकलीय. घर शाकारतंय ते."

ते म्हणजे शेकरू. १९८५ साली हे जंगल अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी, आणि मीही पहाटे तीनला उठून आलोय तो त्याच्याचसाठी. पण शेकरू शोधायला मान खाली घालायची असते हे मला आज, पाचव्या खेपेला कळतंय.

घरटं दिसायला पाच मिनिटं जातात. जांभळाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा एक मोठा गोळा. खोडाला लागून नाही, दुबेळक्यातही नाही, तर फांदी बोटाएवढी बारीक होते त्या टोकाला. बिबट्या तिथवर चढला तर फांदीसकट खाली येईल. मामा काठीने आणखी एक गोळा दाखवतात, मग तिसरा. एकच शेकरू अशी बरीच घरं बांधून ठेवतं.

"एक राहायला, एक पिल्लांना. बाकीची तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटसारखी. नुसती घेऊन ठेवलेली."

घरट्यावर लेन्स रोखून बसायचं नाही, हा माझा नियम आहे. तो मोडायचा मोह व्हायच्या आत मामा पुढे चालू लागलेत.

डावीकडून सर्पगरुडाची लांब शीळ येते. मी वळतो, लेन्स उचलतो. मामा हसू दाबताहेत. शीळ पुन्हा येते, आणि लगेच तिला जोडून कुणा भलत्याच पक्ष्याची किलबिल. फांदीवर भृंगराज बसलाय. काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, त्यांच्या टोकांना पिसांची पानं. आख्खं जंगल नकलून दाखवतोय. मी त्याचे अकरा फोटो काढतो. एकातही दोन्ही तारा धड आलेल्या नाहीत.

आणि मग तो आवाज. कट्-कट्-कट्-कट्, कुणी बांबूच्या कुडावरून काठी ओढत न्यावी तसा. मामांचा हात वर जातो. दोघंही स्तब्ध.

पार-जांभळाच्या फांदीवर शेकरू पोट टेकून पसरलंय. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हातभर नाही, चांगलं वावभर वाटावं असं. खरं तर मीटरभरच, पण ती झुपकेदार शेपूट डोळ्यांना फसवते. पाठ तांबूस-तपकिरी, पोट साईच्या रंगाचं. हा रंग मला माहीत आहे म्हणून लिहितोय. कॅमेऱ्यात दिसतोय तो नुसता काळा आकार, आणि त्याच्यामागे पानांच्या भोकांतून भगभगणारं आभाळ. एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवतो. शेकरूला जरा रंग येतो, आभाळ पांढरंफटक होऊन जातं. तेवढ्यात ते उठतं, दोन फांद्या धावतं आणि स्वतःला हवेत झोकून देतं. पंधरा-वीस फूट सहज. पलीकडची फांदी खाली झुकते, वर येते, आणि शेकरू नाही. माझ्याकडे एका शेपटीचा धुरकट पट्टा उरलाय.

अडचण माझीच आहे. मला पानांत एक फट हवी असते, जिथून तिरपं ऊन आत येईल आणि जनावर उजळेल. शेकरूचं जगणं फट नसण्यावर चालतं. खाणं, झोपणं, पोरं वाढवणं, सगळं वरच्या वर. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. फांदीला फांदी भिडलेली असेल तोवरच त्याचा रस्ता. मासिकांत दिसणारे शेकरूचे ते सोनेरी, लखलखीत फोटो जंगलाच्या कुठल्या ठिकाणी निघत असतील, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

दुपार सोपी जाते. भाकरी, ठेचा, ओढ्यातल्या डबक्याचं पाणी. अंजनी फुललीय, जुन्या फांद्यांना सालीतूनच फुटल्यासारखे निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागलेत. ते कुठे पळत नाहीत, त्यामुळे छान येतात. मामा एका हिरड्याच्या बुंध्यावर हात ठेवून उभे राहतात. बाळहिरडा विकून आलेल्या पैशांत घरातल्या कायकाय गोष्टी झाल्या ते सांगतात. मुलीचं लग्न त्यात येतं.

चार वाजता डांबरी रस्त्याला लागतो. इथे वर फांद्या भेटत नाहीत. मधे तीसेक फूट मोकळं आभाळ, आणि त्यातून पिवळंधमक ऊन.

या कडेच्या आंब्यावर शेकरू आलंय.

कॅमेरा डोळ्याला लावतो. आयएसओ ४००, शटर १/१०००. पाठीचा केसन्‌केस पेटलाय. ते फांदीच्या टोकाशी येतं, पुढचे पाय जुळवतं, मान लांबवून पलीकडे बघतं. शेपूट सरळ खाली लोंबतेय. मी बोट दाबून धरतो. खालून एक गाडी जाते. ते पुन्हा अंतर जोखतं, पुन्हा पाय जुळवतं. मग अंग वळवून आलं तसं आत निघून जातं.

"मिळाला?"

मी स्क्रीन पुढे करतो. मामा बराच वेळ बघतात.

"रोज येतं याच वक्ताला," ते म्हणतात. "पलीकडचा आंबा पडला त्याला तीन पावसाळे झाले."