स्वयंपाकघराचे मापन व आरेखन

स्वयंपाकघराचे मापन व आरेखन : राहत्या घरातील स्वयंपाकघराची फेररचना करण्यापूर्वी त्याच्या भिंती, दारे-खिडक्या, ओटा, मोरी, नळ, गॅसवाहिनी व विजेच्या जोडण्या यांची मापे घेऊन ती प्रमाणबद्ध आराखड्यात मांडण्याची क्रिया. खोलीत काय मावेल हे ठरविणे हा या मापनाचा वरवरचा हेतू होय; कोणत्या गोष्टी जागच्या हलविता येत नाहीत हे निश्चित करणे, हा त्याचा खरा हेतू आहे.

मुंबईच्या उपनगरांत या कामाला विशेष महत्त्व आहे. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली. त्यानंतरच्या दशकांत येथे उभ्या राहिलेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व गृहनिर्माण मंडळाच्या अनेक इमारतींतील स्वयंपाकघरे लहान असून त्यांत ओटा, मोरी, पाण्याचे पिंप, मांडणी, माळा व बहुधा देव्हाराही सामावलेला असतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असल्यास स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान ५ चौ. मी. व रुंदी किमान १·८ मी. असावी लागते. एवढ्या जागेत दोन सेंमी. ची चूकही शीतकपाटाचे दार अडविण्यास पुरेशी ठरते.

प्रथम खोलीचा हातकच्चा नकाशा काढून त्यात दारापासून एकाच दिशेने फिरत मापे भरतात. प्रत्येक भिंतीवरील मापे एकाच कोपऱ्यापासून चढत्या क्रमाने वाचावीत. तुकड्यातुकड्यांनी मोजून बेरीज केल्यास प्रत्येक तुकड्यातील चूक तीत साठत जाते. गिलावा क्वचितच सपाट असल्याने लांबी जमिनीलगत, ओट्याच्या पातळीवर व खिडकीच्या वर अशी तीनदा घेऊन सर्वांत लहान माप ग्राह्य धरतात.

चारही बाजू मोजल्या, तरी खोली काटकोनी आहे असे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्ही कर्ण मोजावे लागतात. ३·०० × २·४० मी. खोलीचा कर्ण ३·८४ मी. यावयास हवा. एक कर्ण ३·८७ मी. व दुसरा ३·८१ मी. भरल्यास कोपरे सु. एक अंशाने कललेले आहेत आणि ६० सेंमी. रुंद ओट्याच्या काटकोनात कापलेल्या फरशीमागे एका टोकास सु. ९ मिमी. फट राहील, असे समजावे. ही फट पुढे झुरळांचे व ओलीचे घर बनते.

उंचीची मापे जमिनीवरून घेणे फसवे असते, कारण जमीन मोरीकडे उतरती असते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या साहाय्याने भिंतींवर एक समपातळी रेषा आखून तिच्यापासून वर तुळईपर्यंत व खाली फरशीपर्यंत मापे घेतात. आराखडा १ : २० प्रमाणात काढणे सोयीचे असते, मिलिमीटर आलेखकागदावरील एक बारीक घर म्हणजे प्रत्यक्षात दोन सेंमी. जुने नकाशे फूट-इंचांत असतात. त्यांवरून मापे उतरवून घेण्यापेक्षा खोली पुन्हा मोजणे श्रेयस्कर.

आराखड्यात खांब, तुळया व प्रत्येक भिंतीची दाराच्या चौकटीपाशी घेतलेली जाडी ठळकपणे दाखवावी. गिलावा धरून सु. १४ सेंमी. जाडीची भिंत बहुधा अर्ध्या विटेची, तर सु. २६ सेंमी. जाडीची पूर्ण विटेची असते. तथापि जाडी ही केवळ खूण आहे. जुन्या भारवाही बांधकामात भिंतच वरचे मजले पेलते आणि ती काढता येईल किंवा कसे, हे संरचना अभियंत्यानेच ठरवावयाचे असते. घाटकोपर (पश्चिम) येथील दामोदर पार्क भागात २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना इजा पोहोचविल्याचा आरोप त्या प्रकरणी ठेवण्यात आला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार इमारतीतील फेरबदलांची पूर्वसूचना आयुक्तांना द्यावी लागते. किरकोळ दुरुस्त्या यातून वगळल्या आहेत. ‘किरकोळ’ या शब्दाचा अर्थ घरमालक फारच उदारपणे लावतात.

हलविण्यास दुसरी कठीण गोष्ट म्हणजे मोरी. सांडपाण्याच्या नळास दर ४० सेंमी. लांबीस सु. एक सेंमी. उतार लागतो, म्हणजे भांडी घासण्याचे कुंड दोन मीटर सरकविल्यास जाळीशी पाच सेंमी. खोली जास्त हवी. ती लादीखाली उपलब्ध नसल्यास पाणी तुंबते आणि पुढील पावसाळ्यापूर्वीच खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर डाग उमटतो. म्हणून जाळीची खोली, बाहेरील उभ्या नळाचे स्थान व वरच्या मोरीचे आपल्या छतातील वाकण आराखड्यात दाखवितात. भिंतीवरील ओलीच्या कडाही नोंदवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेली ही नोंद उन्हाळ्यातील नोंदीपेक्षा अधिक विश्वसनीय असते. महानगर गॅस (स्थापना १९९५) या कंपनीची वाहिनी असल्यास तिच्या झडपेपर्यंत हात सहज पोहोचेल, इतकी जागा राखतात.

यानंतर मोजावयाचे ते काम करणारे माणूस. जमिनीवरील चुलीची जागा उभ्या ओट्याने घेतल्यावर ओट्याची उंची हा नवाच प्रश्न निर्माण झाला. सर्वसाधारणपणे ती कोपराच्या उंचीपेक्षा १०–१५ सेंमी. कमी ठेवतात, पोळ्या लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागत असल्याने लाटण्याची जागा आणखी थोडी खाली असणे बरे. मार्गारेट शुट-लिहोट्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये योजिलेले फ्रँकफुर्टचे प्रसिद्ध स्वयंपाकघर सु. १·९ × ३·४ मी. एवढेच होते, गृहिणीच्या हालचालींना लागणारा वेळ व चालणे विचारात घेऊन त्याची मांडणी केलेली होती. उपनगरी स्वयंपाकघर त्याहून फारसे मोठे नसते. मात्र तेथे सणावारी दोघी-तिघी एकाच वेळी वावरतात, हे आराखड्यात विसरले जाते.

शेवटी जिन्याच्या वळणाचेही माप घ्यावे. उद्वाहक नसलेल्या इमारतीत तीन मीटर लांबीची अखंड ग्रॅनाइटची फरशी वळणावर अडते. तेव्हा सांधा कुंडापाशी येईल अशा बेताने ती दोन तुकड्यांतच मागवितात.