बाळंतपणानंतर पाय उचलत नाही? एक्स-रे कधी काढावा, त्यात काय दिसते

बाळंतपणानंतर एक-दोन दिवसांत बाई उठायला बघते आणि पाय उचलताच ओटीपोटाच्या खाली, बरोबर मधोमध, जोरात कळ येते. कूस बदलता येत नाही, चालताना पाय फरफटतो. घरात म्हणतात, "वात आहे, शेक द्या." बऱ्याचदा ते साधे अंगदुखणे असतेही. पण कळ जननेंद्रियाच्या वरच्या हाडावर दाबल्यावर नेमकी त्याच जागी येत असेल, तर सांधा फाकला आहे का ते बघावे लागते.

कटीची दोन हाडे पुढे जिथे जुळतात, त्या सांध्याला प्यूबिक सिम्फिसिस म्हणतात. एरवी तिथे ४ ते ५ मिलिमीटरची फट असते. गरोदरपणात रिलॅक्सिनसारख्या हार्मोन्समुळे सांधे सैल होऊन ती २-३ मिलिमीटरने वाढते, आणि ते नैसर्गिकच आहे. फट १० मिलिमीटरच्या पुढे गेली, तर सांधा फाकला असे आम्ही धरतो. बाळ मोठे असले, प्रसूती फार झपाट्याने झाली किंवा चिमटा लावावा लागला, तर हे घडू शकते. पण यातले काहीही नसतानाही घडते.

तपासणी म्हणजे कटीचा समोरून काढलेला साधा एक्स-रे. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये कधी फट कमी दिसते. उभे राहता येत असेल तर उभ्याने काढलेली फिल्म जास्त सांगते. दुखणे महिनोन्‌महिने राहिले, तर आळीपाळीने एका पायावर उभे करून फिल्म काढतात. सांधा वर-खाली सरकतो का ते त्यात कळते. फट २५ मिलिमीटरच्या पुढे असेल तर मागचे, माकडहाडाच्या वरचे सांधेही दुखावले असण्याची शक्यता असते. अशा वेळी हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. एक्स-रेने दूध खराब होत नाही, लगेच पाजले तरी चालते.

मात्र फट आणि दुखणे यांचे गणित जुळतेच असे नाही. १२ मिलिमीटरवाली चालते आणि ९ वाली रडते, असेही होते. म्हणून उपचार फिल्मवर नाही, बाईवर ठरतात.

बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. आराम, अंगावर पाजताना चालणारी वेदनाशामके, वॉकर आणि पट्टा. आपल्याकडे पोट बांधतात, तसा हा पट्टा नाही. तो खाली, मांडीच्या वर बाहेरून जे हाड हाताला लागते, त्या पातळीवर बसतो. पोटावर बांधून उपयोग नाही. बहुतेकींना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरे वाटते, काहींना जास्त वेळ लागतो. ताप, घाण वासाचा स्राव, लघवी अडणे, पाय बधिर होणे किंवा एकच पाय सुजणे, यातले काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बीडमधल्या बायांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून कारखान्यावर जायचे असते, तिथे वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घ्यायची, गाडीवर चढायचे. दुखणे असताना हे झेपत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असली तरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांवरून २०१९ मध्ये राज्यभर चर्चा झाली होती. ओटीपोट दुखते म्हणून कोणी पिशवी काढायला सांगितली, तर आधी विचारा, "दुखणे पिशवीचे आहे की हाडाचे?" आणि लागल्यास अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्या.

एक्स-रेची फिल्म टाकून देऊ नका. पुढच्या बाळंतपणात हा त्रास पुन्हा होऊ शकतो; पहिल्याच तपासणीला ती फिल्म दाखवा.