ॲडम्सने खोडलेली दोन अक्षरं

रंकाळ्याचा फोटो काढताना तुम्ही शालिनी पॅलेस घेता, भेळेच्या गाड्या टाळता ना? ॲन्सेल ॲडम्सने १९४४ साली कॅलिफोर्नियात लोन पाइन गावाजवळ सूर्योदय टिपला. टेकडीवर शाळेच्या पोरांनी मोठी पांढरी ‘एलपी’ अक्षरं मांडली होती. पठ्ठ्याने ती निगेटिव्हवरूनच काढली! त्याच्या फोटोंतला निर्मनुष्य निसर्ग वर्षानुवर्षं वाखाणला गेला. १९७५ च्या ‘न्यू टोपोग्राफिक्स’ प्रदर्शनात मात्र साधी घरं, कारखाने दिसले. पुढे समीक्षक विचारू लागले, ॲडम्सच्या चौकटीतली माणसं गेली कुठे? तरी मी त्याला लबाड म्हणणार नाही, कारण अक्षरं काढल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तुम्ही गाळलेल्या रीडिंगबद्दल थिसिसमध्ये एवढी एक ओळ आहे का, आजच बघा.