कार्बनचा बाण आणि बांबूचे धनुष्य

‘बाणासारखा सरळ’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु सुटलेला बाण कधीच सरळ जात नाही. तो वाकतो, वळवळतो आणि मगच सावरून लक्ष्याकडे धावतो. ही गोष्ट ज्याला उमगली त्यालाच बाण धनुष्याशी जुळविता येतो. आज हा विषय वाचकांपुढे मांडण्याचे कारण असे की, आपल्या सीमाभागातील मुलांच्या हातीही आता कार्बनचे बाण दिसू लागले आहेत, आणि त्यांपायी पालकांचा पैसा व मुलांचा उत्साह या दोहोंचीही नासाडी होण्याचा संभव आहे.

या ओढीचे मूळ शोधावयास दूर जावे लागत नाही. साताऱ्याहून कोल्हापूर, निपाणी करीत जो महामार्ग बेळगावास येतो, त्याच महामार्गावरील साताऱ्याची अदिती स्वामी 2023 साली बर्लिन येथे, वयाच्या अवघ्या 17व्या वर्षी, कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली. एका शिक्षकाच्या कन्येचे हे यश पाहून खेड्यापाड्यांतील मुलांना धनुष्य हाती घ्यावेसे वाटले, हे उचितच झाले. परंतु कंपाउंड हे चाकांचे यांत्रिक धनुष्य. त्यात बाणासाठी मधोमध वाट ठेवलेली असते, आणि दोरी बोटांनी न सोडता खटक्याच्या साहाय्याने सोडतात. त्यामुळे तेथे बाणाला आडवे वाकण्याची फारशी गरजच पडत नाही.

बांबूच्या धनुष्याची रीत वेगळी आहे. येथे मूठच बाणाच्या वाटेत उभी असते. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला असतो, म्हणजे त्याचे तोंड किंचित डावीकडेच असते. दोरी सुटताच मागून धक्का बसतो, टोकाचे वजन पुढे सरकण्यास क्षणभर कां कूं करते, आणि मधली दांडी वाकते. त्या वाकण्यामुळेच बाण मुठीला वळसा घालून निसटतो. अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930च्या दशकात द्रुतगती छायाचित्रणाने हे प्रत्यक्ष दाखविले. तात्पर्य, दांडी हवी तेवढीच वाकली पाहिजे. कमी वाकली तर बाण मुठीवर आपटून डावीकडे जातो, अधिक वाकली तर उजवीकडे.

आपल्या पूर्वजांनी बाणाला ‘शर’ म्हटले, आणि शर हे मुळात एका बोरूसारख्या गवताचे नाव. लवचिकपणा हा त्या जुन्या बाणाचा जन्मजात गुण होता. कार्बनची दांडी हलकी, एकसारखी आणि पावसाळी हवेत न वाकणारी. हे तिचे मोठे गुण होत. पण ती ताठ असते, आणि तिचा ताठपणा पारखूनच घ्यावा लागतो. 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू देऊन दांडी आडवी ठेवतात, मध्यावर सुमारे 880 ग्रॅम वजन टांगतात, आणि ती किती झुकते ते इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. अर्धा इंच झुकली तर तिचा आकडा 500. आकडा जितका मोठा तितकी दांडी लवचिक. दुकानातील तक्ते बहुधा मधोमध वाट असलेल्या धनुष्यांसाठी असतात. बांबूच्या धनुष्याला त्याहून लवचिक दांडी घ्यावी.

दुसरा विचार वजनाचा. बाण फार हलका असेल तर धनुष्याचा सारा जोर बाणात न जाता धनुष्यातच उरतो आणि बांबू तडकतो. साध्या धनुष्यास ओढीच्या दर पौंडामागे 10 ग्रेन वजनाचा बाण असावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ग्रेन म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. 30 पौंडांच्या धनुष्याला या हिशेबाने साडेएकोणीस ग्रॅमचा बाण हवा.

आता जुळवणीची रीत. पिसे लावलेले तीन बाण आणि तसाच, पण बिनपिसांचा एक बाण घ्यावा. दहा पावलांवरून, शांतपणे, एकाच ठिकाणी नेम धरून सोडावेत. पिसे बाणाचे दोष झाकतात; उघडा बाण ते बोलून दाखवितो. प्रथम उभा फरक पाहावा. उघडा बाण खाली लागला तर दोरीवरील खाचेची खूण फार वर आहे, वर लागला तर फार खाली आहे, असे समजून खूण सरकवावी. मग आडवा फरक. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा उघडा बाण डावीकडे लागला तर दांडी ताठ आहे. टोक जड करावे. उजवीकडे लागला तर दांडी नरम आहे; टोक हलके करावे किंवा दांडी पाव पाव इंचाने आखूड करावी. डावखुऱ्यास हे सारे उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम मात्र मोडू नये. आणि कापलेली दांडी पुन्हा वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निपाणीकडच्या एका तंबाखू उत्पादकाच्या मुलीची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. तिच्या मामांनी हौसेने सहा कार्बनचे बाण आणले, आणि त्या दिवसापासून तिचा नेम डावीकडे जाऊ लागला. मुठीवर प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज होई. ‘मुलीचा हात बिघडला’ असे घरात ठरले, आणि वडील धनुष्य विकण्याच्या गोष्टी बोलू लागले. आम्ही तिच्याकडून एका बाणाची पिसे काढविली. तो उघडा बाण हातभर डावीकडे लागला. 80 ग्रेनची टोके काढून आधी 100ची आणि मग 125ची बसविली, तेव्हा आवाज थांबला आणि उघडा बाण इतरांच्या शेजारी येऊन बसला. हात बिघडलाच नव्हता. ती मुलगी अजूनही नेम धरते आहे.

काही सावधगिरी सांगणे अवश्य आहे. प्रत्येक वेळी दांडी हलके वाकवून तडा आहे का ते पाहावे. तडकलेला कार्बन सुटताना फुटून हातात शिरतो. कापताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण त्याची धूळ फुप्फुसास अपायकारक असते. मुठीला घासून जाणाऱ्या बाणास प्लॅस्टिकची पाती न लावता पक्ष्याची पिसेच लावावीत. ती दबतात आणि बाणाची दिशा मोडत नाहीत. स्पर्धेत उतरावयाचे असेल तर नियमपत्रिका आधी वाचावी. जेथे लाकडी वा बांबूच्या बाणाचा दंडक आहे, तेथे कार्बन केवळ सरावापुरता.

शेवटी एक गोष्ट पालकांनी विसरू नये. मूल वाढते, त्याचा हात लांबतो, ओढ वाढते, आणि ओढीबरोबर धनुष्याचा जोरही वाढतो. गेल्या वर्षी जुळलेला बाण यंदा नरम पडतो. आखूड पडला तर धोक्याचाही होतो. म्हणून दरवर्षी माप घ्यावे आणि उघडा बाण पुन्हा सोडून पाहावा. मुलाला बोल लावण्यापूर्वी बाण तपासावा, एवढेच आमचे सांगणे आहे.