केसांचा भडक रंग घरीच फिका करायचाय? आधी हे वाचा

साखळी-डिचोलीतल्या मित्रमैत्रिणींनो, शिगम्याला हौसेने केस गुलाबी-निळे केलेत आणि आता कॉलेजसाठी रंग उतरवायचाय? ब्लीचची घाई नको.

असे भडक रंग बहुधा सेमी-परमनंट असतात. ते केसाच्या बाहेरच्या थरांत बसतात, म्हणून धुण्याने हळूहळू उतरतात. काळा-तपकिरी परमनंट डाय असा उतरत नाही.

✅ न्हाण्याआधी तासभर खोबरेल तेल लावा. मॅरिको या तेल कंपनीतल्या रेले आणि मोहिले यांच्या २००३ च्या संशोधनात, या तेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते असे दिसले.
✅ कोमट पाणी, कोंड्यावरचा शॅम्पू, फेस पाच मिनिटे ठेवा.
✅ मग टोकांना भरपूर कंडिशनर.
✅ दोन-तीन दिवसांनी पुन्हा.

❌ खायचा सोडा, भांड्यांचा साबण, लिंबू लावून उन्हात बसणे: केस राठ होतात, टाळूची आग होते.

गुलाबी लवकर जातो; निळा-हिरवा चिवट, त्याला काही आठवडे द्या. जुना टॉवेल वापरा, पाण्याबरोबर रंग ओघळतो. टाळूला खाज किंवा पुरळ आले तर थांबा, डॉक्टरांना दाखवा.

रंग आज ना उद्या जाईलच, केस मात्र जपा!