ट्रॅक्टरचा क्लच कुरकुरतो तेव्हा

मृगाच्या पेरणीस वाफसा लाभावा आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर उभा राहावा, यासारखी हानी नाही. क्लच निकामी होण्यापूर्वी बहुधा आवाज देतो. तो शेतकरी बंधूंनी ओळखावयास हवा.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा, चाकांस दगड लावावेत व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल दाबताच घरघर सुरू झाल्यास रिलीज बेअरिंग झिजले असण्याचा संभव अधिक. पेडल मोकळे असता येणारा आवाज दाबल्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा गिअरपेटीच्या पुढील बेअरिंगचा असतो. गिअर टाकताना करकर होत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी प्रथम पेडलची मोकळी चाल मोजावी. कित्येक ट्रॅक्टरांत ती सुमारे २५ मिलिमीटर असते. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील मापच प्रमाण मानावे. ही चाल नाहीशी झाली, की रिलीज बेअरिंग अखंड फिरून झिजते.

बेअरिंग बदलण्यास ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागतो. म्हणून ते काम कुशल यांत्रिकाकडून उन्हाळ्यातच उरकून घ्यावे. पेडलवर सदैव पाय ठेवण्याची सवय मात्र आजच सोडावी.