शेक म्हणजे शेवटचा इलाज नव्हे

लिंबायत, उधना, पांडेसरा. सुरतेतल्या या खानदेशी वस्त्यांत कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, की भेटायला आलेले पाहुणेच निकाल देतात: “कापून काढलं तर माणूस वाचला. शेक सांगितला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.” शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडूनही हे ऐकून ऐकून आता चीड येते.

कॅन्सर प्रोस्टेटपुरता असेल तर शस्त्रक्रिया आणि शेक, म्हणजे रेडिओथेरपी, दोन्ही बरं करण्यासाठीच असतात. ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत अशा १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. साधारण १५ वर्षांनी या कॅन्सरने दगावले शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के, रेडिओथेरपीच्या गटात २.९ आणि नुसत्या देखरेखीच्या गटात ३.१. यात हात कोणी टेकले? फरक पडतो तो त्रासात. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळण्याचा आणि लैंगिक ताठरता जाण्याचा त्रास जास्त, रेडिओथेरपीनंतर शौचाच्या तक्रारी जास्त.

“पण ऑपरेशननंतर शेक देता येतो, शेकानंतर ऑपरेशन जमत नाही!” अर्धं खरं आहे. ते अवघड असतं, अशक्य नाही. पण पहिला उपचार फसणारच असं धरून उपचार निवडायचा, हा कुठला हिशेब?

फ्लाइंग राणी पकडून ज्या टाटा हॉस्पिटलात सुरतेची माणसं जातात, तिथलीच चाचणी पाहा. पसरण्याचा धोका जास्त असलेल्या २२४ रुग्णांत प्रोस्टेटसोबत ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिले, तेव्हा पाच वर्षांनी ९५ टक्के जणांचा पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा माग काढणारा रक्तातला आकडा, पुन्हा चढलेला नव्हता. फक्त प्रोस्टेटला किरण दिलेल्यांत ८१.२ टक्के. दोन्ही गटांना हार्मोनचा उपचारही होता. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं आहे.

आणि महिनोन्‌महिने खेटे? पूर्वी ३७ वेळा जावं लागे, आता बहुतेकदा २० वेळा पुरतं आणि निवडक रुग्णांना पाच वेळाही. लूमवर रोजावर असणाऱ्याला हा फरक कळतो.

देखरेख म्हणजे दुर्लक्षही नव्हे. अमेरिकेत कमी धोक्याच्या रुग्णांत तिचं प्रमाण २०१४ मधल्या २६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ५९.६ टक्क्यांवर गेलं. मात्र प्रोटेक्टमध्ये देखरेखीच्या गटात कॅन्सर पसरण्याचं प्रमाण दुप्पट होतं, म्हणून पीएसए आणि बायोप्सीच्या तारखा चुकवून चालत नाही.

बाकीचे गैरसमज किरकोळ. रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जन करतो. बाहेरून किरण घेतलेल्या आजोबांच्या मांडीवर नातवंडं खुशाल बसू देत. बायोप्सीने कॅन्सर पसरतो हे तर आता सोडाच. आणि “माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, मला कॅन्सर कसला?” अहो, लघवी मोकळी करताना ग्रंथीचा आतला भाग खरवडतात. कॅन्सर बहुतेकदा बाहेरच्या भागात होतो, आणि तो भाग जागच्या जागी असतो.